चहावाला चोर वाटू नये म्हणून: दुय्यम पात्राची पहिली फ्रेम कशी बांधायची

काही वर्षांपूर्वी आम्ही नाशिकच्या गोदाघाटावर बारा मिनिटांची एक शॉर्टफिल्म केली. गोष्ट साधी. वडिलांच्या अस्थी घेऊन गावाहून आलेला मुलगा, रामकुंडाजवळ हरवलेली पिशवी आणि ती शोधण्यात गेलेली सकाळ. त्यात एक चहावाला होता. त्याला वाक्य एकच: "गुरुजी पलीकडं बसलेत." पण ते काम करणाऱ्या माणसाचा चेहरा असा बोलका, की आमच्या कॅमेऱ्यावरच्या पोराला राहवलं नाही. त्याने चहावाल्याची ओळखच क्लोज-अपने करून दिली. किटलीची वाफ, वाफेआडचे डोळे, मग हळूच वर येणारी नजर. एडिटिंग करताना आम्ही सगळे खूश होतो.

फिल्म दाखवली तेव्हा पहिल्या रांगेतल्या एक काकू तिसऱ्याच मिनिटाला शेजारणीला म्हणाल्या, "पिशवी यानंच उचलली बघ." उरलेली नऊ मिनिटं अख्खा हॉल चहावाल्याची वाट बघत बसला. तो परत आलाच नाही.

क्लोज-अप ही प्रेक्षकाकडून घेतलेली उधारी असते. हा चेहरा बघून ठेवा, पुढे लागणार आहे, असं आपण त्याला न बोलता सांगतो. पुढे तो चेहरा लागला नाही, की प्रेक्षक मनातल्या मनात तगादा लावतो. नायकाची उधारी फेडायला हाताशी पूर्ण सिनेमा असतो, चहावाल्याकडे वीस सेकंद. म्हणून त्याची ओळख चेहऱ्याबाहेरच्या गोष्टींनी करून द्यायची. तो कुठे उभा आहे, त्याच्या हातात काय आहे, त्याची पाठ कोणाकडे आहे, त्याला ओलांडून कोण जातं. जुन्या सिनेमावाल्यांना हे बरोबर जमायचं. मोबाइलवर पहिली फिल्म करू पाहणाऱ्यांसाठी त्यांच्याकडून घेण्यासारखं जे मला सापडलं, ते इथे पायरीपायरीने सांगतो. याला ट्रॉली लागत नाही, भारी लेन्सही लागत नाही. एक वही मात्र लागते.

पायरी १: आवाज बंद करून बघा

एक जुना सिनेमा घ्या. 'पथेर पांचाली' (१९५५), 'सेव्हन सामुराई' (१९५४), 'सिटिझन केन' (१९४१), 'शोले' (१९७५), नाहीतर आपल्या प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६). पहिला एक तास आवाज पूर्ण बंद ठेवून बघा. जी माणसं दोन-तीन प्रसंगांपलीकडे टिकत नाहीत, त्यांची यादी करा. प्रत्येकजण पहिल्यांदा दिसतो तिथे सिनेमा थांबवा आणि चार ओळी लिहा. तो आधीपासून तिथे होता की आत आला? काय करत होता? फ्रेमचा किती भाग त्याने व्यापला? आणि त्याला आधी कोणी पाहिलं, कॅमेऱ्याने की दुसऱ्या पात्राने?

सुट्या क्लिपा बघून हे होत नाही. पात्राच्या आधी काय होतं, त्यावरच त्याची ओळख उभी असते. क्लिपेत नेमकं तेच कापलेलं असतं.

आवाज बंद का, तर आपण मराठी माणसं नाटकावर वाढलेली. कान आधी जागा होतो. पात्र काय बोललं ते आठवतं, पण ते कुठे उभं होतं हे विचारलं तर डोकं खाजवतो. खुद्द दादासाहेब फाळक्यांनी सुरुवात केली तेव्हा आवाज उपलब्धच नव्हता. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली मुंबईत लागला आणि मग ते नाशिकला आले. 'मोहिनी भस्मासुर' त्यांनी इथेच केला. त्यांच्या सिनेमांची जी रिळं उरली आहेत, त्यांत कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी रोवलेला आहे आणि माणसं डोक्यापासून पायापर्यंत दिसतात. तरी राजा कोण आणि नुसती गर्दी कोण, हे कोणी सांगावं लागत नाही. मधली जागा कोणाची, कडेची कोणाची, कोण कोणाकडे वळलेलं आहे, एवढ्यावर सगळं कळतं. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या फाळके स्मारकात आपण सहलीला जातो, डबे खातो आणि परत येतो. एकदा घरी बसून त्यांचं एखादं रीळही बघावं.

पायरी २: 'एंट्री' विसरा

एकांकिका करणाऱ्या पोरांना हे सगळ्यात जड जातं. नाटकात पात्र विंगेतून येतं, क्षणभर थांबतं, टाळी घेतं. कॅमेऱ्यासमोर दुय्यम पात्राने असं केलं, की गोष्ट त्याच्या पायात अडखळते. त्याला आणू नका. तो असू द्या. आपण त्याच्यापर्यंत पोचलो असं वाटलं पाहिजे.

'पथेर पांचाली'तले शाळामास्तर आठवा. तुलसी चक्रवर्तींनी ते काम केलं आहे. हे मास्तर किराणा दुकानात बसूनच शाळा चालवतात. अपू तिथे पोचतो तेव्हा शिकवणं चालू आहे आणि गिऱ्हाईकही चालू आहे. मास्तर कसे आहेत हे कोणी बोलून दाखवत नाही. छडी आणि दुकानातला माल एकाच माणसाच्या हाताशी आहे, एवढं दिसलं की पुरे. अपू यायच्या आधीही हे असंच चालू होतं आणि तो गेल्यावरही चालणार, ही खात्री त्या फ्रेमने दिलेली असते.

मिठाईवाल्याचा प्रसंग तर मी पोरांना दरवेळी दाखवतो. खांद्यावर आडवी काठी, दोन्ही टोकांना लटकलेली भांडी, त्याच्यामागे दुर्गा, तिच्यामागे अपू आणि सगळ्यांच्या शेवटी कुत्रं. सगळी वरात तळ्याकाठून जाते आणि पाण्यात उलटी दिसते. मिठाईवाल्याला ना घर दाखवलंय ना गोष्ट. पण ज्याच्या मागे पोरं आणि कुत्री चालतात असा माणूस आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. तो कोण हे त्याच्या मागची रांग सांगते.

यामागे एक किस्सा आहे, सत्यजित राय यांनीच लिहून ठेवलेला. सिनेमा पैशांअभावी रखडत रखडत झाला. मधल्या काळात मिठाईवाल्याचं काम करणारे गृहस्थ वारले. मग तशाच अंगकाठीचा दुसरा माणूस शोधला. एका शॉटमध्ये पहिला माणूस चालत येतो आणि पुढच्याच शॉटमध्ये दुसरा माणूस कॅमेऱ्याकडे पाठ करून घराच्या फाटकातून आत जातो. बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. कारण आपण चेहरा लक्षात ठेवलेलाच नसतो. आपण लक्षात ठेवलेली असते ती काठी, ती भांडी, ती चाल. (कुत्र्याचीही गंमत आहे. ते मागे येईना, म्हणून दुर्गाच्या पाठीमागच्या हातात संदेश, म्हणजे बंगाली मिठाई, दिला होता.)

म्हणून स्वतःची परीक्षा घ्या. तुमच्या दुय्यम पात्राच्या जागी उद्या त्याच बांध्याचा दुसरा माणूस पाठमोरा उभा केला, तर तो ओळखू येईल का? येत नसेल तर त्याला अजून एखादी वस्तू, एखादी सवय, एखादी ठरलेली जागा हवी आहे.

पायरी ३: ताटात शेंगदाणे मांडा

शूटिंगच्या आदल्या रात्री स्वयंपाकघरातलं एक मोठं ताट घ्या. ताट म्हणजे तुमची खोली किंवा घाट. शेंगदाणे म्हणजे माणसं. कॅमेऱ्याच्या जागी काडेपेटी ठेवा. आता दाणे हलवा आणि दरवेळी काडेपेटीशी डोळा नेऊन बघा. कोण पुढे येतं, कोण झाकलं जातं, कोण एकटं पडतं? याला ब्लॉकिंग म्हणतात. मोठ्या लोकांकडे यासाठी सॉफ्टवेअर असतं. आपल्याकडे दाणे आहेत, काम झाल्यावर खाताही येतात.

अंतराचा नमुना म्हणून 'सिटिझन केन'मधलं बर्फातलं घर बघा. आई आणि बँकेचा माणूस कॅमेऱ्याच्या अगदी जवळ, टेबलाशी कागदपत्रं घेऊन बसले आहेत. मुलगा लांब, मागच्या खिडकीच्या चौकटीत, बाहेर बर्फात खेळतोय. आणि बाप? तो या दोहोंच्या मध्ये उभा, टेबलापासून बाजूला. छायाचित्रकार ग्रेग टोलंडच्या कॅमेऱ्यात जवळचं, मधलं आणि लांबचं तिन्ही सारखंच स्वच्छ दिसतं, त्यामुळे काय बघायचं हे आपल्यावर सोडलेलं आहे. बाप बोलतो पुष्कळ, पण त्याला बसायला टेबल नाही. या घरात त्याचं कोणी ऐकत नाही, हे त्याच्या उभं राहण्यावरूनच कळतं. पुढे तो खिडकी लावून घेतो आणि आई जाऊन ती पुन्हा उघडते. त्या बापावर संवादांची दोन पानं खर्च केली असती, तरी एवढं काम झालं नसतं.

तुमच्याकडे ती लेन्स नाही. पण दिवसाउजेडी मोबाइलच्या कॅमेऱ्यात जवळचं-लांबचं बऱ्यापैकी एकत्र स्पष्ट दिसतं. लोक मात्र 'सिनेमॅटिक' दिसावं म्हणून पोर्ट्रेट मोड लावतात आणि मागचं सगळं धूसर करून टाकतात. तुमची निम्मी पात्रं त्या धुक्यात गेली ना!

उंचीबद्दल थोडं

पुराच्या दिवसांत नाशिककर एकमेकांना काय विचारतो? पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर आलं? गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. विसर्गाचे आकडे वर्तमानपत्रात येतात, पण पूर किती मोठा हे आपल्याला मारुतीवरून कळतं, कारण त्याची उंची डोळ्यांत बसलेली आहे. फ्रेममध्येही असा एक मारुती लागतो, म्हणजे ज्याचं माप प्रेक्षकाला आधीच ठाऊक आहे अशी एखादी गोष्ट. दार, पायरी, सायकल, बाक, काहीही. त्याच्याशेजारी पात्र उभं केलं की ते लहान, मोठं, दबलेलं की चढलेलं, हे आपोआप दिसतं.

'शोले'तला सांभा हा उंचीवर जगलेला माणूस. खाली मोकळ्या जागेत हरून आलेले तिघे, त्यांच्यासमोर येरझाऱ्या घालणारा सरदार आणि वर खडकाच्या टोकावर बंदूक घेऊन बसलेला सांभा. मॅक मोहन यांच्या वाट्याला तिथे एक उत्तर आलं, तेवढंच. पण त्या बसण्याच्या जागेमुळे आख्ख्या देशाला त्याचं नाव पाठ झालं. तो खाली तिघांच्या रांगेत उभा असता, तर आज कोणाला आठवला असता का?

त्याच सिनेमातला रामलाल त्याच्या अगदी उलट, मान खाली घालून वावरणारा. सुरुवातीला आगगाडी येते, पाहुणा अधिकारी उतरतो आणि त्याला घ्यायला रामलाल आलेला असतो. मग दोघं घोड्यांवरून निघतात आणि त्यावर श्रेयनामावली चालते. ज्या मुलखात गोष्ट घडणार, तो सगळा मुलूख आपण एका नोकराच्या सोबतीने बघतो. पुढे ठाकूर शालीत गुंडाळलेला दिसतो आणि जवळपास हा रामलाल. पहिल्यांदा बघताना वाटतं, श्रीमंताघरचा गडी आहे. ठाकूरला हात नाहीत हे कळल्यावर मात्र लक्षात येतं, की रामलाल इतका वेळ का जवळ होता. दुसऱ्यांदा बघा, तेव्हा नजर त्याच्यावरच राहील.

पायरी ४: पाठ दाखवायला घाबरू नका

कामं करणारी पोरं पाठीला घाबरतात. फुकट राबायचं आणि वर चेहराही दिसायचा नाही! त्यांना 'सिटिझन केन'मधला बातमीदार दाखवा. तोच सगळ्यांकडे जाऊन प्रश्न विचारतो, सगळी गोष्ट त्याच्यामुळे उलगडते आणि तरी त्याचा चेहरा कधी धड दिसत नाही. सावलीत, पाठमोरा, फ्रेमच्या कडेला. दिग्दर्शक ऑर्सन वेल्सने तो मुद्दाम झाकला आहे. तो दिसला असता तर आपण त्याचं काय होतं हे बघत बसलो असतो. इथे बघायचंय ते त्याच्यासमोर बसलेल्या माणसाला.

ज्याचं काम फक्त विचारणं, वाट दाखवणं, दार उघडणं एवढंच आहे, त्याला पाठ द्या. नियम म्हणून हे फार ताणू नका. आमच्यातल्या एकाने ते ऐकून सगळ्या फिल्मभर सगळ्यांच्या पाठीच दाखवल्या. शिंप्याच्या दुकानातल्या मापासारखं दिसत होतं सगळं.

पायरी ५: एकच काम दोघांना द्या

'संत तुकाराम'ची सुरुवात हा माझा सगळ्यात आवडता धडा. तुकाराम शांत बसून गातात. मग तीच रचना देवळात सालोमालो स्वतःची म्हणून लोकांपुढे गातो. तुकारामांचं अंग स्थिर आहे. सालोमालोचे हातवारे, माना, मुरके चालू आहेत, डोळा समोरच्या लोकांवर. हा भोंदू आहे, मत्सरी आहे, असं कोणी सांगितलेलं नसतं. एकच गोष्ट दोन माणसांनी दोन तऱ्हांनी केली आणि आपल्याला दोघंही कळले. दिग्दर्शक दामले-फत्तेलाल यांनी सालोमालो एकटाच दाखवला असता, तर तो नुसता विनोदी गवई वाटला असता.

हे घरच्या घरी करून बघता येतं. चप्पल काढणं, पैसे मोजणं, पाणी पिणं. नायक चप्पल काढून दाराशी नीट लावतो आणि त्याच्यामागून आलेला मेव्हणा ती पायानेच बाजूला सारून आपली काढतो. मेव्हण्याची ओळख झाली. वाक्य लिहायची गरज नाही.

गर्दीबद्दल फार सांगत नाही. 'सेव्हन सामुराई'त गावकरी पहिल्यांदा एकत्र दिसतात ते वरून, जमिनीवर उकिडवे, एकमेकांना चिकटून बसलेले. एक चेहरा वेगळा दिसत नाही आणि दिसायला नकोच. आधी गठ्ठा दाखवा, मग त्यातून एक माणूस उठवा. उठला तो पात्र झाला.

पायरी ६: घाटावर जा, आणि तीनच शॉट घ्या

बुधवारी जा, बाजार असतो. नसेल जमत तर कुठल्याही दिवशी उजाडता उजाडता. घाटाच्या पायऱ्या म्हणजे फुकटात मिळालेली उंची आहे. खालच्या पायरीवरून वर बघितलं तर भाजीवालीही राणी दिसते, वरून खाली बघितलं तर गर्दीत हरवते. आधी अर्धा तास मोबाइल खिशात ठेवा आणि एक माणूस निवडा. समजा भाजीवाली. आता तीन शॉट.

पहिला लांबून: ती आणि तिच्या आजूबाजूची चार माणसं. दुसरा फक्त हातांचा आणि वस्तूचा. तराजू, पाण्याचा शिपका, कोथिंबिरीची जुडी. तिसऱ्यात दुसरं कोणीतरी तिच्यापाशी येतं आणि तिच्यासमोर वाकतं किंवा वाकत नाही. चेहऱ्याचा क्लोज-अप या सरावात नाही. घरी जाऊन तिन्ही जोडा आणि ज्याने तो घाट बघितलेला नाही, अशा कोणाला तरी दाखवा. ही बाई कशी असेल, एवढंच विचारा. उत्तर "माहीत नाही" आलं तर दुसरा शॉट बदला. नव्वद टक्के चूक तिथेच असते, कारण आपण वस्तू सुंदर दिसते म्हणून घेतो, ती बाई तिचं काय करते हे बघत नाही.

आणि विचारून शूट करा. भाजीवाल्या बायका पहिल्यांदा हसतात, मग पदर सावरतात, मग पाच मिनिटांत तुम्हाला विसरून जातात. त्या विसरल्या की सुरू करा. रामकुंडावर विधी करणाऱ्यांवर मात्र कॅमेरा रोखू नका. त्यांच्या घरातलं कोणीतरी गेलेलं असतं.

आमचा चहावाला आम्ही महिन्याभराने पुन्हा शूट केला. या वेळी कॅमेरा त्या मुलाच्या पाठीमागे, लांब. फ्रेमच्या कडेला चहावाला, आमच्याकडे अर्धी पाठ, ओळीने मांडलेल्या ग्लासांत एका धारेत चहा ओततोय. मुलगा त्याला काहीतरी विचारतो. चहावाला ओतणं थांबवत नाही, मोकळ्या हाताने पलीकडे दाखवतो आणि पुढचा ग्लास भरतो. वाक्य काढूनच टाकलं. सहा सेकंद.

त्या काकूंना मुद्दाम बोलावून दाखवली. चहावाल्यापाशी त्या काहीच बोलल्या नाहीत. संपल्यावर चप्पल शोधता शोधता म्हणाल्या, "तो चहावाला रविवार कारंज्यावरचा ना रे? मी पाहिलाय त्याला." तो एका कॉलेजात अकाउंट्स शिकवतो. चहा त्याला घरीही करता येत नाही.